मावशीच्या पदराला माइक: वडगावातल्या एका घरगुती रेकॉर्डिंगची हकिकत

आमच्या घरात मांडे येतात ते फक्त मावशीला. बेळगावात ऑर्डर घेऊन मांडे करून देणाऱ्या बायका अजून आहेत, पैसे मोजले की डबा घरपोच येतो. पण मावसबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं आणि रुखवतात मांडे घरचेच असावेत असा हट्ट तिनं धरला. बहीण पुण्यात. मावशी ७४ वर्षांची, गुडघे धरलेले, बसचा प्रवास नको म्हणते. तेव्हा ठरलं असं की मावशी मांडे करताना मी सगळं व्हिडिओत घ्यायचं, बहिणीनं ते पुढ्यात ठेवून शिकायचं.

ही हकिकत त्या व्हिडिओतल्या आवाजाची आहे. चित्र पहिल्याच दिवशी चांगलं आलं, आवाजाला चार दिवस लागले. साडेसातशे रुपयांचा बिनतारी क्लिप माइक त्यात कुठे उपयोगी पडला आणि कुठे नाही, ते झालं तसं लिहितो. घरी बसून पाककृतीचे, शिकवणीचे, आजोबांच्या आठवणींचे व्हिडिओ करणाऱ्यांना आपल्या अडचणीतलं काहीतरी यात सापडेल.

जागा

मावशीचं घर बेळगावातल्याच वडगावात, विणकरांच्या वस्तीत. मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाची शेड आहे, चार माग. ज्यांनी माग जवळून ऐकलाय त्यांना सांगायला नको. धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक वेळी खडाक्-खट् होतं. चार माग एका तालात कधीच नसतात, त्यामुळे तो आवाज पंख्यासारखा सलग नसतो, दाणेदार असतो. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

मांडे परसात, चुलीवर. गॅसवर जमत नाही असं नाही, खरं मावशीला पालथ्या खापराला खालून सगळीकडून जाळ लागायला हवा असतो. परसाला तीन बाजूंनी भिंत, वर अर्धा पत्रा, खाली शहाबादी फरशी. म्हणजे आवाज घुमायला लागतं ते सगळं हजर. माझ्या घरी करावं तर मी राहतो टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ; तिथे मागाऐवजी रेल्वेचा भोंगा.

पहिल्या दिवशी नुसत्या फोनवर घेतलं. फोन स्टँडवर, मावशीपासून सहा फुटांवर, कारण पोळपाट, चूल आणि मावशी तिन्ही एका चौकटीत बसायला तेवढं अंतर लागतंच. रात्री ऐकलं तर मावशी विहिरीतून बोलतेय आणि माग माझ्या मांडीवर चालू आहेत. त्यातही गंमत अशी की ती बोलताना माग जरा मागे जायचे आणि ती गप्प झाली की पुढे यायचे. फोन स्वतःच आवाजाची पातळी वरखाली करत असतो. बोलणं थांबलं की त्याला वाटतं आवाज कमी झाला, तो वाढवतो. आणि वाढवण्यासारखं तिथे असतं काय, तर माग.

मावशीला ऐकवलं. ती म्हणाली, "सगळं सांगितलो की मी! आणि कितीदा सांगू?"

माइक का आणि कुठला

खडेबाजारातल्या मोबाइलच्या दुकानात दोन तऱ्हा समोर आल्या. एक वायरवाला कॉलर माइक. बोयाचा बीवाय-एम१ पुष्कळांनी पाहिलेला असतो, सहा मीटर वायर असलेला. दुसरा बिनतारी: नखाएवढ्या फोमची टोपी घातलेले दोन चिमटे आणि फोनच्या चार्जिंगच्या भोकात घालायचा एक रिसीव्हर.

माझं मत विचाराल तर एका जागी बसून बोलणाऱ्या माणसासाठी वायरवालाच घ्यावा. त्याला चार्जिंगची कटकट नाही, मधेच तुटणं नाही, आणि त्याच पैशात आवाज बहुतेकदा जास्त भरीव मिळतो. पण इथे चूल होती. मावशी दर पाच मिनिटांनी लाकूड सारायला, तूप आणायला उठणार, आणि सहा मीटरची वायर जाळाच्या आसपास लोळणार. ते डोळ्यांसमोर आलं आणि मी बिनतारी घेतला. खोक्यावर आवाज स्वच्छ करण्याच्या बटणाची जाहिरात मोठी होती. मी भुललो ते त्या बटणाला, हे कबूल करतो. खरा उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

ती गोष्ट म्हणजे अंतर. मोकळ्यात आवाजाचं गणित असं की अंतर निम्मं केलं की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. फोन तोंडापासून सहा फूट, पदरावरचा माइक सहा इंच. अंतर बाराव्या हिश्श्यावर आलं, म्हणजे सुमारे साडेएकवीस डेसिबलची कमाई. माग मात्र माइकपासूनही तेवढेच लांब आणि फोनपासूनही तेवढेच. माग जराही कमी होत नाहीत, मावशी तेवढी पुढे येते. बंद खोलीत भिंतींच्या घुमण्यामुळे कमाई इतकी चोख पदरात पडत नाही, पण दिशा तीच.

दुसरा दिवस फुकट गेला तो असा

रिसीव्हर फोनला लावला, हिरवा दिवा लागला, मावशीच्या पदराला चिमटा, दीड तास रेकॉर्डिंग. संपल्यावर तिथेच व्हिडिओ लावला तर आवाज शून्य. मी घामाघूम. नंतर कळलं की रिसीव्हर अडकवलेला असताना फोन त्यालाच हेडफोन समजतो आणि व्हिडिओचा आवाज तिकडे पाठवतो. स्पीकरवर काहीच येत नाही. रिसीव्हर काढला, आवाज आला. जिवात जीव आला, तो दहा सेकंदच टिकला. कारण आलेला आवाज फोनचाच होता. मागसुद्धा कालचेच.

म्हणजे दिवा हिरवा, जोडणी झालेली, तरी कॅमेरा फोनच्याच माइकवरून ऐकत होता. यात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या.

फोनचं जाड कव्हर. त्यामुळे रिसीव्हरचं टोक पूर्ण आत जात नव्हतं. वीज मिळण्यापुरतं टेकत होतं. कव्हर काढलं.

ओटीजी, म्हणजे चार्जिंगच्या भोकातून बाहेरचं उपकरण जोडून वापरायची फोनमधली सोय. काही फोनमध्ये हे सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं काही वापर नसला की ते आपोआप बंद होतं. माझा फोन त्यातलाच. मी सगळं जोडून ठेवलं, मावशी पीठ मळून बसेपर्यंत चहा प्यायलो, तेवढ्यात ते गेलं असणार.

आणि कॅमेरा ॲप. फोनबरोबर येणारं कॅमेरा ॲप बाहेरचा माइक घेतंच असं नाही. ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, त्याच्या सेटिंगमध्ये आवाज कुठून घ्यायचा ते निवडता येतं. तिथे बाहेरचा माइक निवडला.

तेव्हापासून मी एक चाचणी करतो आणि ती केल्याशिवाय पुढे सरकत नाही. रेकॉर्डिंग चालू करायचं, नखानं फोनचा खालचा काठ खरवडायचा, मग पदरावरचा माइक खरवडायचा. बंद करून, रिसीव्हर काढून ऐकायचं. माइकची खरखर कानठळ्या बसवणारी आणि फोनची जेमतेम, तर जोडणी खरी. उलट असेल तर दिवा कितीही हिरवा असू दे. अर्धं मिनिट लागतं.

पदर, वाट्या, बांगड्या, फुंकणी

तिसऱ्या दिवशी माइक खरोखर लागला आणि मावशी कानाशी येऊन बोलायला लागली. बोलायलाच नाही, वाजायलाही लागली.

चिमटा मी छातीच्या मधोमध लावला होता, टीव्हीवर लावतात तसा. तिथेच मंगळसूत्राच्या वाट्या. प्रत्येक लाटण्याबरोबर टक्, टक्. मावशी मंगळसूत्र काढणार नाही आणि मीही सांगणार नाही; वाट्या पदराच्या आत सारल्या. मग पदर. तिनं नवं इरकल नेसलं होतं, "व्हिडिओ म्हटल्यावर बरं दिसाय नको?" म्हणून. नव्या कापडाला खळ असते, ते कागदासारखं करकरतं. पदर कमरेला खोचलेला असल्यानं हात हलला की तो ताणला जायचा आणि माइकवर घासायचा. जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी नेसायला लावली. पदराच्या निऱ्या खांद्याखाली सेफ्टी पिननं बसवल्या आणि पिनेला लागूनच चिमटा लावला. तिथे कापड हलत नाही. माइक वरच्या दिशेला, हनुवटीपासून वीतभर खाली. छातीवर माइक असला की स, श, च यांची धार थोडी बोथट येते. तेवढं चालवून घेतलं.

काचेच्या बांगड्यांना उपाय नाही. लाटताना किणकिण येते. ती काढायच्या नादी लागलो नाही. ऐकणारी तिची मुलगीच आहे, तिला ती किणकिण ओळखीची.

खरा घात फुंकणीनं केला. जाळ मंद झाला की मावशी वाकते, फुंकणी तोंडाला लावते आणि फुंकते. वाकल्यावर हनुवटी थेट माइकवर येते. रेकॉर्डिंगमध्ये तिथे भस्स करून असा स्फोट झाला होता की आवाजाचा आलेख वरच्या रेषेला चिकटून सपाट. आवाज एकदा असा फाटला की नंतर कुठल्याही ॲपनं पुरता शिवता येत नाही. माइकवर पातळी कमी-जास्त करायची सोय नव्हती. ॲपमध्ये थोडी कमी करता आली, ती केली, मावशीच्या नेहमीच्या बोलण्याची टोकं -१२ डेसिबलच्या आसपास राहतील इतकी (शून्य म्हणजे ती वरची रेषा). बाकीचं मावशीशी ठरवलं: फुंकायचं तेव्हा बोलायचं नाही. तेवढा तुकडा कापून टाकता येतो.

त्या जाहिरातीच्या बटणाचंही इथेच सांगतो. ते दाबलं की माग थोडे दबायचे, पण मावशी पाण्याच्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखी व्हायची, शब्दांची शेपटं गळायची. "खसखस भाजून घे" मधलं "घे" गायब. पंख्याची, फ्रिजची घरघर एकसारखी असते, ती ओळखून वजा करणं अशा यंत्रणेला जमतं. मागाचा ठोका आणि क, ट, प यांचा ठोका तिला सारखाच वाटतो. ती दोन्ही खाते. बटण बंद ठेवलं, परत दाबलं नाही.

दोन चिमटे असल्यानं दुसरा मी स्वतःला लावला होता, मधे मधे प्रश्न विचारायला. तेही चुकलं. अशा स्वस्त जोडीत दोन्ही माइकचे आवाज एकाच पट्टीत मिसळून येतात, वेगळे करता येत नाहीत. मी गप्प असताना माझा माइक नुसते माग आणि माझा श्वास गोळा करून मावशीच्या आवाजात ओतत होता. दुसरा चिमटा डबीत ठेवला. प्रश्न लांबूनच विचारले, उत्तरं नीट आली की पुरे.

आणखी एक, जरा खासगी. मधे मावशी तूप आणायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथे शेजारणीला नव्या विहीणबाईंबद्दलचं आपलं मत सविस्तर सांगून आली. माइक पदरावरच. मी परसात फोनपाशी, मला तेव्हा अक्षरही ऐकू आलं नाही. रात्री हेडफोन लावल्यावर आलं, अगदी स्पष्ट. दोन भिंती मधे असून एक शब्द तुटला नव्हता. एरवी मात्र ती पाठ करून चुलीत लाकूड सारायची तेव्हा आवाज तुटक व्हायचा. हे माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि माणसाच्या शरीरातलं पाणी ती लहर शोषतं. मावशी माइक आणि फोन यांच्या मधे आली की अडसर. घरातला वायफायचा राउटरही त्याच पट्ट्यात बोलतो, आणि मी फोन नेमका त्याच्या खिडकीखाली उभा केला होता. फोन दुसऱ्या कोपऱ्यात नेला, मावशीच्या समोर. तुटणं जवळजवळ गेलं. विहीणबाईंचा तुकडा मी त्याच रात्री पुसला. पण माइक लावलेल्या माणसाला तो चालू आहे हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण दहा मिनिटांत त्याला विसर पडतोच.

लाईट गेली

इतकं करूनही माग होतेच. मावशी स्पष्ट, पण मागे सतत खडाक्-खट्. शिकण्यापुरतं चाललं असतं. चौथ्या दिवशी मावशीनं भिंतीवरून शेडच्या मालकांना हाक मारली. निम्मं मराठी, निम्मं कानडी, वडगावात चालतं तसं. जेवणाच्या सुट्टीत माग बंद असतात तेवढा वेळ आणखी थोडा वाढवाल का, असं विचारलं. ते म्हणाले, "आय्तु अक्का, ऐदु निमिष." पाच मिनिटं. त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे, पाच मिनिटं फुकट कोण देतं?

सुट्टी झाली, माग थांबले, आम्ही सुरू केलं. मांड्याचा अवघड भाग तेव्हा आला. लाटलेला पापुद्रा हातांवर उचलून पालथ्या खापरावर टाकायचा आणि निघाला की गरम आहे तोवर घडी घालायची. निवला की कडक होतो, घडी घालायला गेलं की मोडतो. हे सांगता सांगताच करावं लागतं, थांबून सांगता येत नाही. दोन मांडे झाले, पिठीसाखर, खसखस, वेलची भरून, आणि पाच मिनिटं संपायला आली. तेवढ्यात लाईट गेली.

मला आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं. माग विजेवर. राउटर विजेवर. शेजारचा टीव्ही, वरची पाण्याची मोटर, सगळं विजेवर. आणि आमच्याकडे चूल लाकडाची, उजेड उन्हाचा, फोन आणि माइक बॅटरीवर. पाऊण तास लाईट आली नाही. वडगावात इतकी शांतता मी दिवसाढवळ्या पहिल्यांदा ऐकली. उरलेले सगळे मांडे त्या पाऊण तासात झाले. मावशीच्या आवाजाला तोशीस नव्हती, ती मागांच्या वरताण ओरडत नव्हती, म्हणून सांगणंही निवांत आलं. आदल्या तीन दिवसांत न आलेल्या गोष्टी तिला तेव्हा आठवल्या, पीठ किती वेळ तिंबायचं, रवा जाड निघाला तर काय करायचं.

भिंतींचं घुमणं कमी व्हावं म्हणून सकाळीच मी मागच्या दोरीवर दोन वाकळा वाळत घातल्यासारख्या टाकल्या होत्या. शांततेत त्यांचा फरक कळला. माग चालू असताना तो कळलाच नसता.

दुसरा फोन

एक गोष्ट क्लिप माइकला जमत नाही: मावशी सोडून बाकी सगळं तो लांबचं करून टाकतो. खापर तापलं की नाही हे मावशी पाण्याचा हात झटकून बघते. चुर्र झालं की तापलं, नुसतं फस्स झालं की थांबायचं. हा आवाजच सांगतो, शब्द नाही. म्हणून चौथ्या दिवशी मावशीच्या मुलाचा जुना फोन चुलीपासून दोन फुटांवर, आच लागणार नाही असा विटेला टेकवून ठेवला आणि त्यावर नुसता आवाज घेतला. दोन्ही रेकॉर्डिंग नंतर जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवायला सांगितली. "आरती हाय काय?" मावशीनं विचारलं, पण वाजवली. आलेखात टाळीचं टोक दोन्हीकडे उठून दिसतं. ती टोकं एकावर एक आणली की झालं.

जुळवताना कळलं की माइकचा आवाज फक्त डाव्या कानात येतोय. काही रिसीव्हर तसाच देतात. ॲपमध्ये मोनो केलं, दोन्हीकडे आला. चुलीचा आवाज खाली हलका ठेवला, खापराच्या चुर्रच्या वेळी तेवढा वर आणला. एकंदर ५२ मिनिटांचा व्हिडिओ झाला, पाच तुकड्यांत पाठवला.

बहिणीनं पंधरा दिवसांनी पहिला घाणा केला. तिच्याकडे खापर नाही, पालथी कढई घेतली. पाच मोडले, सहावा उतरला. तिनं आपलाही व्हिडिओ करून मावशीला पाठवला, कुठे चुकतंय ते सांग म्हणून. ओट्यावर लांब ठेवलेला फोन, वर चिमणीचा पंखा फुल्ल.

मावशीनं चष्मा लावून दोनदा बघितला. मग फोन माझ्याकडे दिला. "हात चांगला चालालाय तिचा. खरं काय बोलालीय कळंना झालंय. तो डबीतला दुसरा माइक हाय न्हवं, तो तिला पाठवून दे."